मजुरीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या माणसाचे मत कापता येते का?

आपला प्रश्न मी आधी एकदा मांडून घेतो, म्हणजे उत्तर त्याच रोखाने जाईल. आपल्या आत्याबाईंचे वय साठीच्या पुढे असून त्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावात, ई-क्लासच्या म्हणजे सरकारी जागेवर बांधलेल्या घरात, तीस-पस्तीस वर्षांपासून राहतात. कापसाची वेचणी आटोपली की दरवर्षी गावातील इतर मजुरांबरोबर त्या मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदार ओळखपत्र हाती असूनही यादीत नाव नाही म्हणून त्यांना मतदान केंद्रावरून परत पाठवण्यात आले. पुढे गावातील एका वजनदार गृहस्थांनी त्यांना सांगितले की, जो बारा महिने गावात राहत नाही आणि ज्याचे घर सरकारी जागेवर आहे त्याला मत नसते. शिवाय न शिकलेल्या माणसाने या भानगडीत पडू नये. हे खरे आहे का, घटनेने दिलेला हक्क असा कापता येतो का आणि आता काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी महसूल खात्यात नोकरी केली. त्यातील बरीच वर्षे तहसीलच्या निवडणूक शाखेत, आधी लिपिक आणि नंतर नायब तहसीलदार म्हणून गेली. त्यामुळे मी जे सांगेन ते मतदार यादीच्या कामातून आलेले आहे, वकिलीतून नव्हे. त्या गृहस्थांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, हे आधीच सांगतो. मात्र आत्याबाईंचे नाव नेमके कशामुळे गेले हे आपल्या प्रश्नावरून कळत नाही, आणि पुढची वाट त्या कारणावर अवलंबून आहे.

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मत देण्याचा अधिकार ही एक आणि यादीतले नाव ही दुसरी. अधिकाराची पायाभरणी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ मध्ये आहे. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने होतील, आणि भारताचा नागरिक असलेल्या व १८ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक व्यक्तीला मतदार म्हणून नोंदले जाण्याचा हक्क असेल, असे तो सांगतो. अपवादाची कारणेही तिथेच मोजून दिली आहेत: अनिवास, मनोविकलता, गुन्हा आणि निवडणुकीतील भ्रष्ट किंवा बेकायदेशीर आचरण. त्याच्या आधीचा अनुच्छेद ३२५ म्हणतो की प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी असेल आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणांवरून कोणालाही तीतून वगळता येणार नाही. शिक्षण, जमीन, घर आणि कर हे शब्द या दोन्ही अनुच्छेदांत कुठेही नाहीत.

यादी मात्र कायद्याने तयार होते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात ती कशी करायची हे सांगितले आहे आणि १९५१ च्या अधिनियमाचे कलम ६२ म्हणते की यादीत नाव असलेल्यालाच मत देता येईल. याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये पोन्नुस्वामी खटल्यात मताधिकाराला कायद्याने दिलेला हक्क म्हटले. २००३ मध्ये त्याच न्यायालयातून मत व्यक्त झाले की हा हक्क मूलभूत नसला तरी घटनात्मक आहे आणि आपल्या पसंतीचे मत देण्याचे स्वातंत्र्य हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. पुढे २००६ मध्ये कुलदीप नय्यर प्रकरणात पुन्हा कायद्याने दिलेला हक्क अशीच भूमिका घेतली गेली. हा वाद महत्त्वाचा आहे, पण आत्याबाईंच्या कामाला त्यातून एवढेच घ्यायचे की हातातले ओळखपत्र म्हणजे मत नव्हे. ओळखपत्र माणसाची ओळख पटवते आणि मताचे दार यादी उघडते. ‘कार्ड आहे, मग मत कसे नाही?’ हा प्रश्न मी प्रत्येक निवडणुकीत ऐकला आहे, आणि विचारणारा माणूस दर वेळी खरोखर दुखावलेला असे.

न शिकलेल्या माणसाने मतदानात पडू नये, या वाक्याला मी थोडे अधिक उत्तर देतो, कारण आपल्या भागात त्याला जुना इतिहास आहे. स्वातंत्र्यापूर्वी विदर्भ ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, तिथे १९३५ च्या कायद्यानुसार मत मिळायचे ते मालमत्ता, शेतसारा, भाडे, कर किंवा शिक्षण अशा पात्रतांवर. स्त्रीला बहुधा पात्र पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून, नाहीतर साक्षर म्हणून ते मिळे. म्हणजे सालदार, कोतवाल, रोजमजूर, जंगलात मोहफुले वेचणारी बाई, हे सगळे १९३७ च्या निवडणुकीत जवळजवळ पूर्णपणे बाहेर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि १९२८ मध्ये सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात प्रौढ मताधिकाराची मागणी स्पष्टपणे केली. ज्याच्याकडे जमीन नाही आणि ज्याला शाळेत बसू दिले नाही त्यालाच मताची सर्वाधिक गरज आहे, आणि ज्या गोष्टी समाजाने त्याच्यापासून हिरावल्या त्यांचीच अट घालून त्याला मत नाकारणे म्हणजे अन्यायाला दुसऱ्यांदा मान्यता देणे होय, असे मला त्या मागणीचे मर्म वाटते.

संविधान सभेतही ही शंका निघाली होती. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती, त्यावरून तेव्हाची स्थिती लक्षात येईल. तरीही सभेने अट घातली नाही. सभेचे एक सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी नोव्हेंबर १९४९ मधील भाषणात सांगितले की सभेने हे तत्त्व सामान्य माणसावरील भरपूर विश्वासाने स्वीकारले आहे. हा विश्वास प्रत्यक्षात कसा उतरवायचा हे पहिल्या निवडणुकीने दाखवले. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली मतदान झाले. मतदार १७ कोटींहून अधिक होते, वयाची अट तेव्हा २१ होती, आणि प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली होती, जेणेकरून अक्षर न ओळखणाऱ्यानेही स्वतःच्या हाताने आणि गुप्तपणे मत द्यावे. आज यंत्रावर नावाशेजारी दिसणारे चिन्ह त्याच पेट्यांचा वारसा आहे. त्यामुळे त्या गृहस्थांना आपण आदराने एवढेच सांगावे की न शिकलेल्या माणसाने मत देणे हा घटनेतील अपवाद नाही, घटनेने गृहीत धरलेली मूळ गोष्ट आहे.

त्या पहिल्या यादीविषयी आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या आत्याबाईंना थेट लागू पडतात. यादीचे काम घटना लागू होण्यापूर्वीच, १९४८ मध्ये सुरू झाले होते. फाळणीमुळे लाखो निर्वासित छावण्यांत राहत होते, त्यांच्याकडे ना घर होते ना कागद, आणि यादीत येण्यासाठी ठरावीक काळ वास्तव्याची अट होती. तेव्हा येथेच कायम राहण्याचा इरादा आहे अशा त्यांच्या स्वतःच्या प्रतिज्ञेवर त्यांची नावे घेतली गेली. कागद नसलेल्या माणसाला यादीत कसे आणायचे, याचा विचार आपल्या देशाने अगदी पहिल्या यादीपासून केलेला आहे. दुसरी गोष्ट दुःखाची आहे. त्याच यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले होते आणि निवडणूक आयोगाने स्त्रीचे स्वतःचे नाव असल्याशिवाय नोंद न करण्याचे ठरवले. त्यामागील तत्त्व योग्य होते, तरी त्या स्त्रियांचे मत मात्र गेले. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे पहिले नावही बदलण्याची चाल असल्याने हा घोळ अजून संपलेला नाही: माहेरची पंचफुला सासरी सुमन होते, आधारवर एक नाव, जॉबकार्डावर दुसरे आणि जुन्या मतदार यादीत तिसरे. आत्याबाईंचे नाव खरोखर कापले गेले आहे की वेगळ्या नावाने यादीतच आहे, हे म्हणून सर्वांत आधी तपासा. पूर्ण यादी वाचा, संगणकावर नुसते नाव घालून थांबू नका. शेजारच्या यादी भागातही पाहा. एकाच वस्तीतील घरे दोन भागांत विभागलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

आता मूळ मुद्दा, म्हणजे बाहेरगावी जाणे. १९५० च्या अधिनियमाचे कलम १९ सांगते की अर्हता दिनांकाला, म्हणजे वय मोजण्यासाठी ठरवलेल्या तारखेला, १८ वर्षे पूर्ण असलेला आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा माणूस नोंदणीस पात्र आहे. सर्वसाधारणपणे राहणे म्हणजे काय, हे कलम २० मध्ये आहे, आणि त्यातील दोन गोष्टी मी नव्या कर्मचाऱ्यांना नेहमी पाठ करायला सांगत असे. पहिली, केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. दुसरी, जो तात्पुरता बाहेर गेला आहे तो केवळ तेवढ्यामुळे तिथला रहिवासी राहत नाही असे होत नाही. तीन-चार महिने मिरचीच्या शेतावर पाल ठोकून राहणारी बाई तिथली रहिवासी होत नाही, कारण तिची चूल, तिचे रेशन, तिची माणसे आणि तिचे परतणे गावात आहे. बारा महिने गावात राहिले पाहिजे असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. तसे असते तर मेळघाटातील कोरकू, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आणि तांड्यांवरचे निम्मे बंजारा मजूर देशात कुठेच मतदार उरले नसते.

येथे परिस्थितीवर अवलंबून असणारी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. आत्याबाई आता वर्षातील बहुतेक काळ मुलाजवळ दुसऱ्या गावी राहत असतील आणि या घराला केवळ सणासुदीला येत असतील, तर त्यांची नोंद मुलाच्या गावी व्हायला पाहिजे आणि येथील नाव कमी होणे चुकीचे म्हणता येणार नाही. सालदाराचे उदाहरण घ्या. पाडव्याला साल ठरवून तो बायकामुलांसह मालकाच्या गावी राहायला गेला आणि सालामागून साल तिथेच राहिला, तर त्याचे सर्वसाधारण वास्तव्य तिथले. हा निर्णय सर्व वस्तुस्थिती पाहून करायचा असतो. त्याला दिवसांची ठरावीक मोजपट्टी नाही, आणि म्हणूनच तो घरापुढे उभे राहून करावा लागतो, कार्यालयात बसून करता येत नाही. त्याबरोबर हेही तपासा की तेलंगणात एखाद्या मुकादमाने त्यांचे नाव तिथल्या यादीत घातलेले नाही ना. कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा राहू शकत नाही, आणि खोटी प्रतिज्ञा केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. जिवती तालुक्यात सीमेवरच्या ज्या गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तिथल्या लोकांकडे दोन्हीकडची ओळखपत्रे असण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. तो सीमावादातून उद्भवलेला वेगळा प्रश्न आहे, पण आपल्या आत्याबाईंनी दोन ठिकाणी नाव असू देऊ नये.

बाहेर जाणाऱ्यांची नावे प्रत्यक्षात कशी जातात, हे मी आतून पाहिले आहे. एका तालुक्यात, ज्याचे नाव घेत नाही, मी निवडणूक शाखेत होतो तेव्हा घरोघर पडताळणी हिवाळ्यात झाली. पऱ्हाटी फुटलेली होती, मजूर सकाळी आठला शेतावर जात आणि दिवे लागल्यावर परत येत. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, शाळा सांभाळून दुपारी वस्तीवर गेले. त्यांना कुलपे दिसली, शेजारी कोणी नव्हते, आणि वहीत ‘स्थलांतरित’ असे लिहिले गेले. काही कुटुंबे खरोखरच महिन्याभरासाठी बाहेर होती, बाकीची फक्त शेतावर होती. त्या प्रस्तावांवरची टिपणी माझ्या हातची होती आणि मी ती वाचली तेव्हा एकाच वस्तीतील इतकी घरे एकदम कशी उठून गेली, हा प्रश्न विचारला नाही. पुढे एप्रिलमध्ये मतदानाच्या दिवशी उन्हात दोन किलोमीटर चालून आलेल्या स्त्रिया केंद्रावरून परत गेल्या. त्यांपैकी एकीने मला विचारले, ‘साहेब, मी मेली का?’ त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक बीएलओला मी सांगितले की पोडावर, बेड्यावर, तांड्यावर पाहणी सायंकाळी सातनंतर किंवा बाजाराच्या दिवशीच करायची आणि कुलूप दिसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. बीएलओ बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, त्यांच्यावर आधीच पुष्कळ कामे असतात, आणि दोष एकट्या त्यांच्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. प्रस्ताव वाचणाऱ्याने वाचला पाहिजे.

नाव कापण्याचा दुसरा मार्ग म्हणजे नमुना ७. त्याच मतदारसंघातील कोणताही मतदार दुसऱ्याच्या नावावर आक्षेप घेऊ शकतो. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात मतदार काही शेच असतात, तिथे दहा नावे गेली तरी निकाल फिरतो, आणि बाहेर गेलेल्या मजुरांची नावे आक्षेपाला सगळ्यांत सोपी असतात. मात्र कायदा येथे आत्याबाईंच्या बाजूने ठाम आहे. १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे, तो माणूस मतदारसंघात राहत नाही किंवा नोंदणीस पात्र नाही या कारणावरून नाव कमी करण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावीच लागते. १९९५ च्या लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधीच्या यादीत असलेले नाव योग्य विचारानेच घातले गेले होते असे धरून चालावे लागते आणि नोटीस व सुनावणीशिवाय ते काढता येत नाही. तो खटला नागरिकत्वाच्या संशयाचा होता, पण त्यामागील न्याय सर्वांना सारखा आहे. मागील तीन निवडणुकांत मत दिले नाही म्हणून नाव गेले, असेही गावात सांगतात. मत न देणे हे नाव कापण्याचे कारण नाही. फौजदारी खटला चालू असणे हेही नाही. १९५१ च्या अधिनियमाप्रमाणे तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत असताना मत देता येत नाही, पण जामिनावर बाहेर असलेला माणूस मत देऊ शकतो. पारधी बेड्यांवर ही गोष्ट मला वारंवार समजावून सांगावी लागली.

घर ई-क्लासच्या जागेवर आहे, या हरकतीत काहीही अर्थ नाही. अतिक्रमणाचा प्रश्न महसूल कायद्याचा आहे आणि मतदार यादीशी त्याचा संबंध नाही. यादीत नाव आल्याने जागेवर हक्क निर्माण होत नाही आणि जागेवर हक्क नसल्याने नाव अडत नाही. आयोगाच्या सूचना तर याच्याही पुढे जातात: ज्याला घरच नाही, जो पुलाखाली किंवा देवळाच्या ओट्यावर झोपतो, त्याच्या बाबतीत बीएलओने रात्री, एकाहून अधिक वेळा जाऊन तो तिथे झोपतो का हे पाहायचे, आणि तसे आढळले तर निवासाचा कागद मागायचा नाही. आत्याबाईंकडे तर घर आहे, बहुधा वीजबिल किंवा बँकेचे पासबुकही असेल. यांपैकी काहीच नसेल तरी अर्ज नाकारता येत नाही. प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करून निर्णय द्यावा लागतो.

आता करायचे काय. पहिल्यांदा यादीच्या पुरवणीत वगळलेल्या नावांचा भाग पाहा, कारण तिथे नावासमोर कारणाचे इंग्रजी अक्षर असते: एस म्हणजे स्थलांतर, ई म्हणजे मयत, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे सापडले नाही. यादी तहसील कार्यालयात पाहता येते, बीएलओकडेही असते, आणि बीएलओ कोण हे कळत नसेल तर १९५० या मदत क्रमांकावर विचारता येते. कारण ‘स्थलांतर’ असेल तर नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर काढली आणि कोणी घेतली, तसेच नमुना ७ आला असल्यास त्याची प्रत, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागा. त्यातून कोणावर सूड घ्यायचा नाही. एकाच वस्तीतील अनेक नावे गेली असतील तर ते त्या कागदांतच दिसेल, आणि मग आपण एकट्या आत्याबाईंसाठी न लढता सगळ्यांसाठी एकत्र अर्ज करू शकाल.

दुसरी गोष्ट, माहितीची वाट न पाहता नमुना ६ भरा. कापलेले नाव परत आणण्यासाठी बहुतेक वेळा हाच सर्वांत जवळचा रस्ता असतो. वय, राहण्याचा पत्ता आणि घरातील एखाद्या मतदाराच्या ओळखपत्राचा क्रमांक द्या. हा नमुना नव्या मतदारांसाठी असल्याने त्यासोबत साध्या कागदावर वेगळा अर्ज जोडा आणि पूर्वी अमुक भागात अमुक क्रमांकावर नाव होते, ते नोटिशीविना वगळले गेले, असे सरळ लिहा. जुनी नोंद लपवू नका. आधार क्रमांक नाही एवढ्या कारणाने अर्ज फेटाळता येत नाही. अर्हता दिनांक आता वर्षातून चार असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, पण हे मुख्यतः नव्याने १८ पूर्ण करणाऱ्यांसाठी महत्त्वाचे आहे. आत्याबाईंचा अर्ज वर्षभरात कधीही देता येतो. फक्त निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका. अर्जावर हरकतींसाठी किमान सात दिवस द्यावे लागतात आणि उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत टळली की त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

मतदार नोंदणी अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्याकडे सामान्यतः उपविभागीय अधिकाऱ्यांनी, अर्ज नाकारला तर कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत पहिले अपील करता येते आणि तिथेही नकार मिळाला तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत दुसरे. त्यासाठी लेखी आदेश लागतो. ‘तुमचे होत नाही’ असे तोंडी ऐकून परत येणारी माणसे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. आदेश लेखी मागितला की अनेकदा कामच पुढे सरकते.

ग्रामपंचायतीविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेला घेऊन ती प्रभागांत विभागली जाते. त्या प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा लोक नवे नाव घालायला धावतात आणि निराश होतात, कारण त्या टप्प्यावर चुकीच्या प्रभागात गेलेले नाव किंवा विधानसभेच्या यादीत असून सुटलेले नाव एवढेच दुरुस्त होते. म्हणजे आत्याबाईंचे नाव आज विधानसभेच्या यादीत नसेल तर सरपंच निवडतानाही त्यांना मत नसेल. गावात पाण्याची टाकी कुठे बांधायची आणि कोणाचे घरकुल आधी मंजूर व्हायचे, हे त्याच निवडणुकीवर ठरते.

नाव यादीत परत आले तरी मतदानाच्या दिवशी एक अडचण येऊ शकते. प्रत्येक केंद्राध्यक्षाकडे अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी असते. बाहेर जाणाऱ्या मजुरांची नावे तिच्यात हमखास येतात आणि उमेदवारांचे प्रतिनिधी म्हणतात की यांचे मत नाही. हे चूक आहे. त्या यादीत नाव असलेला मतदार स्वतः आला, ओळखीचा कागद दाखवला आणि केंद्राध्यक्षांनी खात्री करून घेतली की त्याला मत देता येते. त्याचा अंगठा नोंदवून घेतला जातो. मतदार ओळखपत्र नसले तर आधार, मनरेगाचे जॉबकार्ड, छायाचित्र असलेले बँक पासबुक असे इतर मान्य कागदही चालतात, नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. त्यांच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तरी परत येऊ नये. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागावे, त्यासाठी वेगळी मतपत्रिका ठेवलेली असते. मदतनीस नेण्याची सोय दृष्टिहीन किंवा शारीरिक दुर्बलता असलेल्या मतदारासाठी आहे, अक्षर येत नाही म्हणून नाही. त्यामुळे ‘आजी, मी दाबून देतो’ असे कोणी म्हणाले तर आत्याबाईंनी नकार द्यावा. चिन्ह ओळखून बटण त्यांनी स्वतःच दाबायचे आहे.

शेवटी वेळेविषयी. आपण सांगितल्याप्रमाणे आत्याबाई वेचणी संपली की निघतात, म्हणजे अर्ज त्या निघण्यापूर्वी द्यावा आणि बीएलओंना घरी बोलावून त्यांच्यासमोर प्रत्यक्ष उभे करावे. त्या गेल्यानंतर सुनावणीची नोटीस आली तर ती घरातील कोणीतरी घ्यावी, नाकारू नये, आणि त्याच दिवशी त्या कोणत्या कामासाठी, कोठे गेल्या आहेत आणि केव्हा परत येणार आहेत हे लिहून पुढची तारीख मागणारा अर्ज आपण स्वतः नेऊन द्यावा. त्याची एक प्रत, तारखेच्या शिक्क्यासह, आत्याबाईंच्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी.